मोडण्यासाठी बांधलेली गाडी

रविवारची सकाळ. खराडीतल्या तुमच्या सोसायटीच्या तळघरात, पार्किंगच्या अगदी कोपऱ्यात, ताडपत्रीखाली काकांची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. साल २०२४. काका जाऊन वर्ष होत आलं. गाडी त्याच्याही आधीपासून जागची हललेली नाही. वापरात नसलेली वाहनं महिनाअखेरपर्यंत हलवा, अशी सोसायटीची नोटीस आली आहे, आणि वाहन भंगार केंद्राशी तुमचं बोलणंही झालं आहे. उद्या टोइंगवाले येतील, साखळी लावून पद्मिनीचं नाक वर उचलतील आणि मागच्या हवा गेलेल्या टायरांवर तिला फरफटत नेतील. गाडी जाणार हे तुम्ही मान्य केलं आहे. ती फरफटत जाणार, हे काही केल्या मनातून जात नाही.

तुम्ही ताडपत्री ओढून काढता. धूळ, उंदरांनी कुरतडलेली गादी, स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा. तुम्ही मागच्या चाकाशी उकिडवे बसता. टायर जमिनीवर पसरला आहे, पण बाजूवरची अक्षरं अजून वाचता येतात : ५.२०-१४. रिम १४ इंची. डॅशबोर्डच्या कप्प्यात तुम्हाला काकांचं ‘हवेचं पेन’ सापडतं. बोटाएवढी चकचकीत नळी, व्हॉल्व्हवर दाबली की आतून आकडे कोरलेली पट्टी बाहेर येते. काकांनी ते अमेरिकेहून आणलेलं. शिकायला गेले होते तेव्हाचं.

तुम्ही ते सवयीने व्हॉल्व्हवर दाबता. टायरमध्ये हवा नाही, म्हणजे पट्टी हलायला नको. पण ती हलते. १०, २०, ४०. आणि ५६ च्या रेषेवर येऊन थांबते.

ट्यूबलाइट विझते.

*

आधी ऊन लागतं. मग धूर. गोवऱ्यांचा, गोडसर, डोळ्यांना झोंबणारा.

डोक्यावर स्लॅब नाही. तुम्ही उघड्या आभाळाखाली उभे आहात आणि जमीन तीच आहे. खराडी, तालुका हवेली, पुण्यापासून तीन कोसांवरचं गाव. १९५६ चा वैशाख. जिथे काचेच्या इमारती असायला हव्यात तिथे नांगरून टाकलेली काळी ढेकळं आहेत, आणि त्यांच्या पलीकडे मुळा-मुठेच्या काठची हिरवी रेघ. नगर रस्त्यावरून एक बैलगाडी येते आहे. ती दिसण्याच्या आधी तिचा खडखडाट ऐकू येतो.

तुमच्यासमोर लोहाराने गोवऱ्या गोल रचून पेटवल्या आहेत. त्या आगीत लोखंडाचं एक मोठं कडं लाल होत पडलं आहे. ही धाव. बैलगाडीच्या लाकडी चाकाला जमिनीवर धावायला जे लोखंड घालतात ते. शेजारी चाक आडवं मांडलंय : मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे, भोवती लाकडी घेर. उन्हाळ्यात लाकूड सुकतं, आकसतं, आणि धाव सैल होते. म्हणून पाऊस पडायच्या आधी ती काढून, तुकडा कापून, पुन्हा सांधून बसवायची.

“रबरी टायरची गाडी घ्या की,” कुणीतरी म्हणतं. साखर कारखान्यांच्या भागात तशा गाड्या येऊ लागल्या आहेत.

ज्यांना हे विचारलंय ते धोतर वर खोचून उभे असलेले गृहस्थ तुमचे आजोबा आहेत. तुम्ही त्यांना फक्त फोटोत पाहिलं आहे. ते चाकाभोवती एक फेरी मारतात, घेरावर बोटांनी टिचक्या मारून आवाज ऐकतात.

“रबर बरं हाय. बैलाला हलकं जातं. पन पंक्चर झालं तर दुरुस्त कोन करनार? पुन्याला जावं लागंल. धाव सैल झाली तर ह्यो लोहार दोन हाकेवर हाय.”

लोहार आणि त्याचा मुलगा सांडशीने कडं उचलतात. थंड असताना ते घेरापेक्षा जरासं लहान होतं. आता तापून पसरलं आहे. ते चाकावर बसतं, लाकडाला चटका लागतो, ज्वाळा उठतात, आणि आजोबा ओरडतात, “पानी!”

घागरी रिकाम्या होतात. वाफेचा लोट उठतो. त्या वाफेतून एक आवाज येतो, दातांवर दात घट्ट बसावेत तसा. लोखंड आकसत जातं आणि प्रत्येक आरा तुंब्यात रुतत जातो. इतका वेळ सुटा-सुटा असलेला लाकडाचा पसारा तुमच्या डोळ्यांदेखत एक चाक होतो.

“लई घट्ट बी नगं,” आजोबा लोहाराला बजावतात. “आरे मोडत्यात.”

पाण्याचा रिकामा तांब्या छातीशी धरून एक सहा वर्षांचा पोरगा हे सगळं बघतो आहे. तोंड उघडं, भुवयांवर राख. त्याचे कान जरा बाहेर आलेले आहेत. ते कान तुम्ही ओळखता.

तुम्ही त्याच्याकडे एक पाऊल टाकता. हातातल्या पेनाची पट्टी पुढे सरकते. ७४.

*

आता वास वेगळा आहे. गवताच्या गंज्या, गिअर ऑइल, वेल्डिंगचा धूर. हवा दमट आहे, मुंबईसारखी, पण समुद्राशिवाय. लाकडी कोठाराच्या उघड्या दारातून मक्याचं शेत दिसतं, नजर जाईल तिथवर.

रेडिओ सांगतो आहे की नवे अध्यक्ष फोर्ड यांचा आज पहिला पूर्ण दिवस. निक्सन कालच पायउतार झाले. म्हणजे शनिवार, १० ऑगस्ट १९७४. फोर्ड मिशिगनचेच, म्हणून इथे बातमी जरा मोठ्या आवाजात लागली आहे. तुम्ही मिशिगनमध्ये आहात.

कोठाराच्या मधोमध एक गाडी उभी आहे आणि ती पाहून तुमच्या तोंडून “अरे बापरे!” निघतं. शेवरोलेची इम्पाला, १९६६ ची, चार दरवाजांची. सव्वापाच मीटरहून लांब. तळघरातली पद्मिनी चार मीटरच्या आत मावते.

गाडीखालून दोन पाय सरपटत बाहेर येतात. मग पूर्ण माणूस. चोवीस वर्षांचा, कल्ले राखलेला, हात ग्रीसने काळे, कान जरा बाहेर आलेले.

“मराठी?” तो विचारतो.

तुमचा आवाज नीट फुटत नाही. “हो.”

“कुठले हो तुम्ही?”

“पुण्याचे. म्हणजे… खराडीचे.”

तो हात पुसायचा विसरतो. “खराडी? नगर रोडवरची? आमचंच गाव की! कुणापैकी?”

“नदीच्या बाजूचे,” तुम्ही म्हणता. ते खोटं नाही.

“मी बहात्तरला निघालो. दुष्काळात. खडी फोडायच्या कामावर अर्धं गाव होतं आणि मी विमानात बसलो होतो.” तो क्षणभर गप्प राहतो. “पाऊस झाला का हो यंदा? नदीला पाणी आहे?”

त्याला काय सांगावं? की नदीवर पूल झालेत, खराडी पुण्याच्या महापालिकेत गेली, ढेकळांच्या जागी संगणकाच्या कंपन्या आल्या? “पाणी आहे,” तुम्ही सांगता. त्याचे खांदे सैल होतात.

“बरं झालं आलात. एक हात कमीच पडत होता.”

*

गाडी त्याच्या वर्गमित्राच्या घरची. मित्र शेतकऱ्याचा मुलगा, आज संध्याकाळी काऊंटीच्या जत्रेत तीच चालवणार. खेळ आहे डिमॉलिशन डर्बी. काकांनी घरी लिहिलेल्या पत्रात त्याला ‘मोडामोडीची शर्यत’ म्हटलं होतं, आणि ते पत्र वाचून आजी घाबरली होती, हे तुम्ही ऐकलेलं आहे.

नियम सोपा. मैदानात गाड्या सोडतात आणि त्या एकमेकींना धडकत राहतात. जी शेवटपर्यंत स्वतःच्या बळावर हलत राहते ती जिंकते. अमेरिकेतल्या जत्रांमधून असले प्रकार आधीपासून होत होते, पण न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, इस्लिप स्पीडवेवर, १९५८ मध्ये लॅरी मेंडेलसन या शर्यतवाल्याने त्याला खेळाचं रूप दिलं. लोक शर्यतीपेक्षा अपघात बघायला जास्त येतात, हे त्याने हेरलं होतं. पुढे टीव्हीवर इस्लिपच्या डर्बी दिसू लागल्या आणि गावोगावच्या जत्रांत हा खेळ रुजला. गेल्या हिवाळ्यात तेलाचं संकट आल्यापासून तर अशा पेट्रोलपिऊ मोठ्या गाड्यांना गिऱ्हाईक उरलेलं नाही. त्या स्वस्तात मिळतात.

“आठ वर्षांची आहे,” काका इम्पालाच्या टपावर हात ठेवून म्हणतात. “आपल्याकडे हिला नवी म्हणतील.”

त्यांना अजून माहीत नाही की याच सुमाराला तिकडे कुर्ल्यात, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियरच्या कारखान्यात, फियाट ११०० च्या घडणीच्या गाडीला ‘पद्मिनी’ हे नाव मिळतं आहे. आणि दहा वर्षांनी तीच गाडी ते खराडीत आणणार आहेत.

काम सुरू होतं. भिंतीवर खडूने यादी लिहिलेली आहे आणि तिचा क्रम ठरलेला आहे. आधी काच. सगळ्या काचा, दिवे, आरसे. फोडायच्या नाहीत, काढायच्या. फुटलेली काच दाराच्या पोकळीत राहिली तर धडकेत ती चालवणाऱ्यावर येते. मग क्रोमच्या पट्ट्या, चाकांवरच्या टोप्या, मागचं आसन, गालिचा, छताचं कापड. जे जळेल आणि जे उडेल ते सगळं बाहेर.

मग पेट्रोल. इम्पालाची टाकी मागे, डिकीच्या खाली आहे, आणि या खेळात मार पाठीवरच घ्यायचा असतो. म्हणून मूळ टाकी रिकामी करून उतरवायची. तिच्या जागी बोटीच्या इंजिनाची छोटी टाकी, चार-पाच लिटरच पेट्रोल घालून, चालकाच्या पाठीमागे गाडीच्या मध्यावर पट्ट्यांनी आवळायची. बॅटरी बॉनेटखालून काढून शेजारच्या आसनाच्या पायथ्याशी, लाकडी पेटीत, रबर अंथरून. ठिणगी आणि पेट्रोल यांच्यात जितकं अंतर ठेवता येईल तितकं.

“तिसरं पाणी,” काका म्हणतात. रेडिएटरमधलं रसायन ओतून टाकून साधं पाणी भरायचं, कारण तो फुटणारच, आणि ते रसायन मातीत सांडलं तर कोंबड्या-कुत्री पितात.

तुम्ही दारांना भोकं पाडता, आरपार साखळी ओवता, बोल्टाने आवळता. बॉनेटच्या मधोमध एक मोठं भोक कापायचं, आग लागली तर नळी आत घालायला. चालकाच्या दाराला बाहेरून पांढरा रंग. त्या दारावर धडक द्यायची नाही, हा इथला सगळ्यात कडक नियम. आतून त्याच दाराला आडवा लोखंडी पाइप, त्यावर जुन्या गादीचा फोम.

“बघा,” काका मागे सरून सगळं न्याहाळतात. “काढलं किती आणि जपलं किती, मोजून बघा. जपल्या फक्त चार गोष्टी. माणूस, इंजिन, मागची चाकं, आणि पुढची दिशा. बाकीची गाडी त्यांच्याभोवतीचा पेंढा.”

दुपारी ते गाडीखाली जाऊन डिफरन्शियलच्या आतल्या दात्यांना वेल्डिंगचे टाके मारतात. तुम्ही टॉर्च धरता. रस्त्यावर वळताना बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं, म्हणून डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देतं. पण चिखलात तेच घात करतं : एक चाक घसरलं की ते जागच्या जागी गरगरतं आणि दुसरं नुसतं उभं राहतं. गावाकडच्या ट्रॅक्टरला म्हणूनच डिफरन्शियल लॉकचं पॅडल असतं. टाके मारल्यावर दोन्ही चाकं एका आसावर बांधल्यासारखी फिरतील.

“बैलगाडीच्या उलट झालं,” तुम्ही म्हणता. “तिची दोन्ही चाकं सुटी.”

काका गाडीखालून हसतात.

*

आता टायर. इथे घाई चालत नाही.

शेतकऱ्याने कोठाराच्या भिंतीशी जुने टायर रचून ठेवले आहेत. तुमच्यासमोर तीन पर्याय मांडले जातात.

पहिले, गाडीला आत्ता असलेले. बाजूला पांढरी कड, दिसायला देखणे, पण नक्षी झिजलेली. कोरड्या डांबरावर ठीक. चिखलात ते साबणावर उभे राहिल्यासारखे.

दुसरे, पिकअप ट्रकचे. जाड, सहा पदरी, खोल खाचांचे. मित्राचा जीव यांच्यात अडकला आहे. तुम्ही एक उचलून गाडीजवळ नेता आणि काका रिमची भोकं मोजतात. पिकअपला ६ बोल्ट. इम्पालाला ५. संपलं.

तिसरे, हिवाळ्याचे. इथे बर्फ पडला की मागच्या चाकांना वेगळे टायर घालतात, आणि वसंतात काढून कोठारात टाकतात. १४ इंची रिमचेच. नक्षीचे ठोकळे मोठे, त्यांच्यामधल्या खाचांत बोटाचं पेर बुडतं.

“चिखलाला टायर धरून ठेवता येत नाही,” काका सांगतात. “टायरलाच चिखल टाकून देता यायला हवा. खाच रुंद असेल तर चाक फिरलं की चिखल उडून जातो आणि ठोकळा पुन्हा मोकळा. खाच अरुंद असेल तर दोन फेऱ्यांत भरते, आणि मग झिजलेल्या टायरात न् त्यात फरक राहत नाही.”

तुम्ही दोघं प्रत्येक टायर आडवा टाकता. काका अंगठ्याने कडेचं रबर वाकवतात आणि भेगा बघतात. नखाएवढ्या भेगा चालतील; आतला दोरा दिसला तर तो टायर बाद. मग हात आत घालून सबंध घेर चाचपायचा, खिळा, फुगवटा, ठिगळ. तुम्हाला एका टायरच्या आत लिंबाएवढा फुगवटा लागतो. काका तो टायर काही न बोलता दाराबाहेर लोटून देतात. सहा वर्षांच्या पोराने पाहिलेल्या त्या टिचक्यांची तुम्हाला आठवण होते.

चांगले निघतात तीन. दोन मागे. तिसरा राखीव. पुढे काय?

पुढे अरुंद टायर, उभ्या रेघांच्या नक्षीचे. पुढच्या चाकांना ढकलायचं नसतं, वळायचं असतं. अरुंद चाक चिखल कापत खाली घट्ट जमिनीपर्यंत जातं. रुंद चाक चिखलावर तरंगतं, आणि मग स्टिअरिंग कितीही फिरवा.

हे टायर ट्यूबलेस. तरी काका प्रत्येकात ट्यूब घालायला लावतात. बाजूने मार बसला की टायरची कड रिमवरून क्षणभर सुटते, आणि ट्यूबलेसमध्ये तेवढ्यात सगळी हवा जाते. ट्यूब असली तर कड सुटूनही हवा राहते. टायर चढवण्याआधी व्हॉल्व्हच्या भोकाभोवती रिमला पोलादी पाइपचा छोटा तुकडा वेल्ड करायचा, समोरच्याचं बंपर घासून तो कापला जाऊ नये म्हणून.

“हवा किती?” मित्र विचारतो. त्याला वाटतं, फुगवता येईल तेवढी फुगवावी.

काका टायरच्या बाजूवरची बारीक अक्षरं वाचतात. “कमाल ३२ पौंड लिहिलंय. तेवढीच.”

“आज गाडी मोडणारच आहे ना?”

“म्हणूनच.” काका मान वर करतात. “आमच्या वडिलांनी लोहाराला सांगितलं होतं, फार घट्ट नको, आरे मोडतात. जे मोडणार आहे ते मैदानात मोडू दे. इथे माझ्या हाताखाली नको.”

तुम्ही खाली बघता. बोलायला गेलात तर सगळं सांगून टाकाल, ही भीती आहे.

शेतकरी हा सगळा वेळ दारात उभा आहे. तो खिशातून एक चकचकीत नळी काढतो आणि काकांच्या हातात देतो. ठेव तुला, म्हणतो. तू वाचतोस, माझा मुलगा वाचत नाही.

तुम्ही स्वतःचा खिसा चाचपता. खिसा रिकामा आहे.

*

संध्याकाळी जत्रा. पाळणे, गाई-म्हशींऐवजी गाई-डुकरांची प्रदर्शनं, भाजलेल्या मक्याचा वास. तुम्हाला चैत्रातल्या जत्रा आठवतात, बैलगाड्यांचे घाट, टेकाडावर दाटलेली माणसं. माणसांच्या तोंडावरची उत्सुकता तीच आहे.

मैदानावर टँकरने पाणी मारलं आहे. ते मुद्दाम. ओल्या मातीत गाड्यांना वेग घेता येत नाही, आणि वेग नसला की धडक पत्रा मोडते, माणूस मोडत नाही. तीन बाजूंनी ओंडक्यांचा कठडा आहे. अग्निशमन दलाची गाडी उभी आहे. मित्र हेल्मेट घालतो, पट्टा आवळतो. काका खिडकीतून हात घालून तो पट्टा पुन्हा ओढून बघतात. मग चालकाच्या दाराला एक लाकडी पट्टी उभी बांधतात.

“ही मोडली की शरण,” ते तुम्हाला सांगतात. “हात बाहेर काढायचा आणि स्वतःच मोडायची. त्यानंतर त्याला कुणी धडकायचं नाही.”

लोक आकडे उलटे मोजतात. निशाण पडतं.

आवाजाची तुम्हाला कल्पना नव्हती. तो कानाला नाही, छातीला लागतो. बारा गाड्या एकदम उलट्या धावतात, कारण पाठ देऊन मारायचं आणि रेडिएटर वाचवायचा. पत्रा दुमडतो तो कागदासारखा नाही, जाड पापडासारखा, कडकड करत. चिखल तुमच्या शर्टावर येतो. पहिल्या दोन मिनिटांत तीन गाड्या थांबतात. एकीतून पांढरी वाफ : पाणी गेलं. एकीतून निळा धूर : तेल जळतंय. काका धुराचा रंग बघून सांगत जातात आणि चुकत नाहीत.

एक भलीमोठी गाडी दुसऱ्या कठड्याशी चिखलात रुतते. तिचं उजवं मागचं चाक वेड्यासारखं फिरतं आहे, डावं जागचं हलत नाही. इम्पाला तिच्याजवळच्याच चिखलात उतरते. तुम्ही श्वास रोखता. दोन्ही चाकं एकदम फिरतात, ठोकळ्यांमधून चिखलाचे दोन फवारे उडतात, आणि इम्पाला घाट चढणाऱ्या बैलासारखी मान घालून बाहेर येते. काका तुमचा दंड पकडतात. त्यांच्या बोटांचे काळे ठसे तुमच्या शर्टाच्या बाहीवर उमटतात.

मागची बाजू पार आसनापर्यंत चेपली आहे. छोटी टाकी जागेवर आहे. टायरांत हवा आहे. गाड्या उरल्या चार. मग तीन.

मग एक गाडी तिरकी येते आणि इम्पालाच्या पुढच्या डाव्या चाकावर बसते. टाय रॉड वाकतो. एक चाक डावीकडे बघतं, एक उजवीकडे. इंजिन चालू आहे, मागचे टायर अजून ओढताहेत, पण गाडीला आता दिशा नाही. मित्र एकदा प्रयत्न करतो, दुसऱ्यांदा करतो. समोरची गाडी पुन्हा मागे जाऊन वेग घेते आहे.

खिडकीतून हात बाहेर येतो आणि पट्टी मोडतो.

समोरची गाडी तिथेच थांबते. क्षणभर सगळं मैदान शांत. मग टाळ्या पडतात, जिंकणाऱ्याला पडतील तशा. मित्र इंजिन बंद करतो आणि काच नसलेल्या खिडकीतून बाहेर येतो. मनगटावरच्या एका ओरखड्याशिवाय त्याला काही झालेलं नाही.

तुम्हा दोघांना तिच्याजवळ जाऊ देतात. ओळखू येणार नाही इतकी मोडली आहे ती. आणि तरी काहीच गळत नाही, काहीच जळत नाही. जे मोडायचं ठरलं होतं तेच मोडलं, आणि जे जपायचं ठरलं होतं ते जपलं गेलं.

काका मागच्या चाकाशी उकिडवे बसतात. ते नवं पेन व्हॉल्व्हवर दाबतात आणि मग, काय मनात येतं कोण जाणे, तुमच्या हातात देतात.

“अंधार झालाय. तुम्हीच वाचा, किती आहे?”

तुम्ही डोळ्यांजवळ धरता.

“चोवीस,” तुम्ही म्हणता.

*

ट्यूबलाइट लागलेली आहे. तुम्ही पद्मिनीच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसलेले आहात. बाहीवर चार काळे ठसे आहेत.

तुम्ही उठता आणि बॉनेट उघडता. आधी बॅटरीची जोडणी सोडवता. मग टाकीतलं उरलंसुरलं पेट्रोल नळीने कॅनमध्ये काढता. वर्षानुवर्षं साचून त्याला वार्निशासारखा वास सुटला आहे. मग रेडिएटरखाली घमेलं ठेवून पाणी सोडता. भंगार केंद्रातही गाडी कापण्याआधी पहिलं काम हेच असतं : इंधन, तेल, बॅटरी आणि बाकीचे द्रव आधी वेगळे काढायचे, म्हणजे ते मातीत आणि नाल्यात जात नाहीत. ते तिथेही होईल. पण तुम्हाला ते तुमच्या हाताने करायचं आहे. भिंतीवर खडूने लिहिलेला तो क्रम तुम्हाला पाठ आहे.

मग तुम्ही टोइंगवाल्याला फोन करता. साखळी नको, सपाट ट्रक पाठवा. जास्त पैसे लागतील, तो म्हणतो. लागू देत.

चंदननगरहून टायरवाला येतो, मोटारसायकलवर हवेचा पंप बांधून. चारही चाकं उतरवतो. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतो. दोन ट्यूब सांधल्या जातात, दोन बदलाव्या लागतात. तो टायर परत चढवणार तेवढ्यात तुम्ही त्याला थांबवता. हात आत घालून सबंध घेर चाचपता. अंगठ्याने कड वाकवून भेगा बघता. एका टायरच्या आत दोरा दिसतो. तुम्ही डिकीतली स्टेपनी काढून तिलाही तसंच तपासता.

“साहेब, भंगारात चाललीय ना गाडी?” तो विचारतो.

“म्हणूनच.”

तो जरा वेळ तुमच्याकडे बघतो. मग मान हलवून स्टेपनी हातात घेतो आणि तिची कड पुसून काढतो.

संध्याकाळी सोसायटीतली सहा-सात माणसं येतात, त्यांत एक लहान पोरगीही. सगळे डिकीला हात लावतात. तुम्ही चालकाच्या खिडकीतून एक हात स्टिअरिंगवर ठेवता.

“हवा किती भरली?” कुणीतरी विचारतं.

तुम्ही काकांचं पेन काढून व्हॉल्व्हवर दाबता आणि पट्टी उजेडात धरता.

“चोवीस. ढकला.”

पद्मिनी पाव फेरा करकरते. मग चाकं सुटतात, आणि गाडी स्वतःच्या चाकांवर रॅम्प चढू लागते.